सातवा महिना सुरू आहे. बर्थ प्लॅन लिहावा का आणि डूलावर खर्च करावा का? सासरचे म्हणतात, नवरा आत असला की पुरे.

"नवरा आत असला की पुरे" हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. माझी दोन बाळंतपणं झाली. पहिलं २०१४ मध्ये सांगलीला माहेरी, दुसरं २०१९ मध्ये पुण्यात. पहिल्या वेळी माझ्याजवळ आपलं म्हणावं असं कुणीच नव्हतं. दुसऱ्या वेळी नवरा होता, डूला होती (म्हणजे बाळंतिणीजवळ सतत राहून धीर देणारी, पण डॉक्टर किंवा नर्स नसलेली बाई), एक पानी बर्थ प्लॅन होता (बाळंतपणात काय हवं, काय नको हे लिहिलेला कागद), आणि तरीही सिझर झालं. त्यावरून आमच्या वन्सं आजही ऐकवतात, "बावीस हजार घातलेस त्या बाईवर, शेवटी पोट फाडायचं ते फाडलंच ना?"

पहिल्यापासून सांगते. पहाटे चारला पाणी गेलं. नर्सिंग होममध्ये लेबर रूमच्या दारातच सिस्टरनं मंगळसूत्र आणि बांगड्या काढून द्यायला सांगितल्या. आईनं त्या रुमालात बांधल्या, गाठ मारली आणि दार लागलं. संध्याकाळी सातपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून होती. मुठीत तो रुमाल, मांडीवर पेजेचा थर्मास. थर्मास उघडलाच गेला नाही. माझी आई गावाकडे दोन जावांच्या बाळंतपणात सुईणीच्या हाताखाली उभी राहिलेली बाई. तिला आत घेणं लांबच राहिलं, आत काय चाललंय हे सांगायलाही दिवसभरात कुणी बाहेर आलं नाही.

आत मी उताणी. सलाईनमधून कळा वाढवायचं औषध चालू केलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी फाईल वाचून कळलं. कुशीवर वळू का विचारलं तर "हलू नका, ठोके नीट मिळत नाहीत" एवढंच उत्तर. दुपारी फरशी पुसायला एक मावशी आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी बादली बाजूला सरकवली, हात पदराला पुसले, मला हळूच कुशीवर केलं आणि माकडहाडाच्या जरा वर तळहात घट्ट दाबून धरला. कळ आली की जोर वाढवायचा, ओसरली की सैल सोडायचा. "श्वास सोड बाळा, कोंडून धरू नकोस." दहा मिनिटं असतील जेमतेम. पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि त्या गेल्या. त्यानंतरच्या कळा मला सोसवेनात. खाली छेद दिलाय हे टाके घालताना समजलं. मुलगी चांगली होती, दोन किलो नऊशे. ती माझ्या कुशीत आली दोन तासांनी.

डूला म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला त्या मावशींचा हातच आठवतो. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीजवळ बसवलेल्या बायका कुठलंही प्रशिक्षण न घेतलेल्या, साध्या होत्या. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं. तेवढ्यानंही फरक पडला. पुढे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की कुणीतरी सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात, कळांचा वेळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाबद्दल मनात राहणारी कटुताही कमी होते. कमी होतात, बंद होत नाहीत. आमच्या वन्संना हा एक शब्द मी आजवर पटवू शकलेले नाही.

दुसऱ्या वेळी मीही आधी इंटरनेटवरून चार पानी प्लॅन उतरवून घेतला होता. तो अमेरिकेतल्या बायकांसाठी होता. निम्म्या गोष्टी आमच्या डॉक्टर करतच नव्हत्या, आणि जे खरंच ठरवायला हवं होतं ते त्यात नव्हतं. डूलाताईंनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "रात्री दोन वाजता ड्युटीवरची सिस्टर हे वाचेल का?" मग आम्ही एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. वरच्या अर्ध्या भागात: कळांचं औषध लावण्याआधी मला सांगा, चालू-फिरू द्या, उताणं झोपवू नका, गरज असल्याशिवाय छेद नको, नाळ किमान एक मिनिट थांबून कापा. खालच्या अर्ध्या भागात: सिझर झालं तर.

हा खालचा भाग लिहायला मी तयार नव्हते. अपशकुन वाटत होता. ताई म्हणाल्या, लिहाच. त्यांचं बरोबर होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत. म्हणजे जवळपास निम्मी. तुम्ही खासगीत नाव घातलं असेल आणि तुमच्या प्लॅनमध्ये सिझरचा शब्दही नसेल, तर तो अर्धाच प्लॅन आहे.

कळा सुरू झाल्यावर डूलाताईंनी बरोबर त्याच जागी हात दाबला. मी रडले, पण दुखण्यानं नाही. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडेपर्यंत सगळं छान चाललं. मग पाणी हिरवं आलं आणि प्रत्येक कळेला बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टर खाटेजवळ येऊन बसल्या, मॉनिटरचा कागद मला दाखवला आणि म्हणाल्या, आता थांबणं बरं नाही. ताईंनी एका शब्दानंही विरोध केला नाही. कागदाची खालची बाजू वर केली आणि सिस्टरच्या हातात दिली. थिएटरमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. पण कागद आत गेला. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी मला सांगत होत्या. बाळ रडल्यावर त्याचा गाल माझ्या गालाला लावला. टाके होईपर्यंत नवऱ्यानं त्याला उघड्या छातीशी धरलं, आणि मी बाहेर आल्यावर तासाच्या आत मुलाच्या तोंडात चीक गेला. वरचं दूध कुणी पाजलं नाही, कारण विचारल्याशिवाय पाजू नका हे लिहिलेलं होतं.

पहिलं बाळंतपण "नॉर्मल" होतं. त्याची आठवण आली तरी अजून पोटात गोळा येतो. दुसरं सिझर, आणि त्या दिवसाबद्दल मी कधीही, कुणाशीही आनंदानं बोलू शकते. वन्सं, बावीस हजार ह्यासाठी दिले होते. पोट फाडायचं टळावं म्हणून दिले नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नवरा आत असावाच. पण त्याच्यासाठीही ते पहिलंच असतं, तोही घाबरलेला असतो आणि मॉनिटर वाजला की आधी त्याचाच चेहरा उतरतो. त्याला तुमच्याकडे बघायचं की सिस्टरला प्रश्न विचारायचे हे सुचत नाही. दोघांमध्ये तिसरं शांत माणूस लागतं. ते पैसे देऊन आणलेलंच हवं असं मात्र नाही. हप्त्यावर पैसे काढून डूला ठेवू नका. तुमची मावशी, आत्या, जाऊ, कुणीही न घाबरणारी आणि स्वतःच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकवत न बसणारी बाई चालेल. सरकारी दवाखान्यात तर २०१६ पासून केंद्र सरकारच्याच सूचना आहेत की बाळंतिणीसोबत एक बाई आत असू द्यावी, आणि आडोसा असेल तिथे नवराही चालतो. २०१४ मध्ये माझ्या आईला हे सांगणारं कुणी नव्हतं.

दवाखान्यात आजच विचारा की आत एकच माणूस सोडतात की दोन, आणि रात्रीही सोडतात का. प्लॅन ३६ व्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा, काय जमणार नाही ते त्यांच्याकडून ऐका, खोडा, आणि त्यावर त्यांची सही घ्या. सहीचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर.

एक राहिलं. बीपी, साखर, वार (प्लासेंटा) खाली असणं, आधीचं सिझर असं काही असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका, डॉक्टर सांगतील तसं करा. आणि जी डूला आतून तपासणी करते, डॉक्टरांविरुद्ध कान भरते किंवा पाणी गेल्यावर "थांबा घरीच" म्हणते, तिला पहिल्या भेटीतच नमस्कार करा. रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर आधी दवाखाना, डूलाला फोन नंतर.

नवऱ्याला त्या दिवशी पुढून बटणांचा शर्ट घालायला सांगा.