बिदरीची पहिली वस्तू घेताना

हॉल सजवायचा म्हणून बिदरीचे, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवलेल्या वस्तूंचे, एकदम चार-पाच नग उचलू नका. एकच सुरई घ्या, पण अस्सल. ही कला जिथली, ते बीदर सोलापूरहून फार लांब नाही, तेव्हा कारागिराचं काम बघूनच या. जस्तात थोडं तांबं घालून वस्तू ओततात, छिन्नीने नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या गरम पाण्यात जस्त काळं पडतं, चांदी मात्र पांढरीच राहते. काय देखणं दिसतं ते! काळेपणा नखाने खरवडून निघाला, तर तो वरून मारलेला रंग समजा. तारेवरून बोट फिरवा, कुठे टोचता कामा नये. घरी आणल्यावर चिंच-लिंबू अजिबात लावू नका. मऊ फडक्यावर खोबरेलाचा थेंब पुरतो.