पाला वाळवताना उन्हाची घाई नको

भाऊ, शेवग्याचा पाला वाळवायचा म्हणतोस तर आधी एक सांगतो, वैशाखात तो पत्र्यावर टाकू नकोस. जळगाव-भुसावळकडे हवाच ४५ अंशांना टेकते, पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पाला दुपारपर्यंत कुरकुरीत होईल खरा, पण हिरवा रंग उडून पिवळट-तपकिरी पडेल, आणि ‘क’ जीवनसत्त्व, कॅरोटीन बरंच घटेल.

धुऊन पाणी पूर्ण निथळू दे. मग सावलीत, हवेशीर खोलीत सुती कापडावर पातळ पसर, अधूनमधून हलव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एवढ्यावर भागतं.

ड्रायर असेल तर ५० अंशांच्या आसपास ठेव. कढीपत्ता, पुदिना असेल तर ४०-४५ पुरे, कारण त्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. पावसाळ्यात मात्र कमी तापमानाचा हट्ट धरू नकोस. पाला ओलसर राहिला की बुरशी धरते, आणि असा पाला मी तरी सरळ फेकायलाच सांगेन.

वाळलं का हे देठावरून ओळख. पान चुरतं पण देठ लवतो, म्हणजे आत ओल आहे. देठ कडकन मोडला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, नाहीतर झाकणाला आतून घाम धरतो.