तिसरी उसळी

प्रिय भावी वैमानिका,

सोलोत, म्हणजे एकट्यानं केलेल्या उड्डाणात, उतरताना विमानाचं नाक मोडलं, पण तुला खरचटलंही नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. प्रोपेलर जमिनीला लागलाय म्हणजे इंजिनही उघडून तपासावं लागणार. ते होईल. पण ‘हात जड पडला’ हे तुझं कारण मला पटलं नाही.

पहिल्या उसळीत सहसा काही मोडत नाही. सेसना १७२च्या मागच्या चाकांचे स्प्रिंगसारखे पोलादी पाय बरंच सोसतात. घात होतो तो पुढच्या दोन सेकंदांत. विमान उसळतं, काचेत नुसतं आकाश दिसतं, आणि घाबरून आपण योक (विमानाचं स्टीअरिंग) पुढे ढकलतो. तोवर विमान आपणहून खाली यायला लागलेलं असतं. नाक आधी आपटतं, उसळी आणखी मोठी, पुन्हा ढकलाढकली. तिसऱ्या खेपेला पुढच्या चाकाचा पाय वाकतो, कधी मागची फायरवॉलही (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चुरगळते.

मुळात बहुतेकदा वेगच जास्त असतो. फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, ६५ नॉट्सऐवजी ७५ ठेवलेस, तर वेग १५ टक्क्यांनी वाढतो, पण ऊर्जा सुमारे ३३ टक्क्यांनी, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग विमान रनवेवर तरंगत राहतं, रनवे संपत येतो, धीर सुटतो आणि आपण त्याला जबरदस्तीनं खाली बसवायला जातो. नजर चाकापुढच्या डांबरावर असेल तर उंचीचा अंदाजही चुकतो. ती पार टोकाकडे हवी.

उसळी मोठी असेल तर गो-अराउंड: उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. थ्रॉटल पूर्ण पुढे. ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी जुळणी) लँडिंगचा असतो, त्यामुळे नाक जोरात वर जाऊ पाहतं; ते दाबून धर, उजव्या पायानं रडरचं (शेपटीच्या सुकाणूचं) पेडल दाब. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) टप्प्याटप्प्यानं वर घे. मी शिकत असताना घाईत ते एकदम शून्यावर नेले होते. विमान खचलं, पंखांची उचल सुटत चालल्याचं सांगणारी स्टॉल वॉर्निंगची पिपाणी केविलवाणी वाजायला लागली, आणि कुंपणाच्या तारा मोजता येतील इतक्या जवळून गेल्या. इन्स्ट्रक्टर खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आता इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन दहा फेऱ्या मार. त्यातल्या तीनमध्ये चाकं टेकायच्या आधीच गो-अराउंड कर, सगळं जमून आलेलं असलं तरी.

आणि हो, अहवालात ‘अचानक वाऱ्याचा झोत आला’ असं लिहू नकोस. आला असेल तरच लिही.

तुझा,
जुना इन्स्ट्रक्टर