पावलं वाजली की लेकरू खाली

पत्र असं आहे:

"मावशी, मी २७ वर्षांचा. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. बीए केलं, आता सहा एकर वावर पाहतो. पऱ्हाटी अन् तूर आहे. मुलगी सात महिन्यांची. माय चार वर्षांपूर्वी गेली. घरात बाबा, मी, बायको अन् पोरगी. बायको बचतगटाच्या कामाला दोन-तीन तास जाते, तेव्हा पोरगी माझ्याकडे. तिचं तेल-पाणी, दुपटी धुणं मीच करतो, अन् खरं सांगू, मले ते आवडते. पण दुपटी मी अंधार पडल्यावर वाळत घालतो. दारात कोणाची पावलं वाजली की पोरगी पटकन बायकोच्या हातात देतो. मागच्या रविवारी तिनं घेतली नाही. म्हणाली, 'चोरीचं लेकरू आहे का?' बाबा म्हणतात, 'आमच्या वक्ताले बापासमोर आपल्या लेकराले हात लावाची सोय नव्हती, अन् तू तिची शी धुते.' मात्र तेच बाबा संध्याकाळी नातीला खांद्यावर घेऊन पारावर जातात. पानठेल्यावर पोट्टे 'आला धोबी' म्हणतात. एकानं व्हिडिओ पाठवला, की लेकरं सांभाळणाऱ्या माणसाचे पुरुषी हार्मोन कमी होतात. मी खरंच बायल्या होऊन राहिलो का?"

बाळा,

व्हिडिओचं आधी उरकते, कारण त्यात थोडं खरं आहे. फिलिपिन्समधल्या सिबूच्या ६२४ तरुणांची साडेचार वर्षांच्या अंतरानं दोनदा तपासणी झाली. निष्कर्ष २०११ साली छापून आले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरंच जास्त उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा त्याहून जास्त लेकराचं करणाऱ्यांचं सगळ्यांत कमी होतं. व्हिडिओवाल्यानं पुढचं सांगितलं नसणार. सुरुवातीला ज्या एकट्या पोरांचं हे हार्मोन जास्त होतं, तेच पुढे संसाराला लागून बाप होण्याचं प्रमाण जास्त निघालं. जोडीदार मिळेपर्यंत शरीर एक चाल धरतं, लेकरू आलं की दुसरी. तुझं शरीर बिघडलं नाही, कामाला लागलं आहे. झालं एवढंच.

आता बाबांचं. तुझ्या पत्रात सगळ्यांत मोलाची ओळ तू सहज लिहून पुढे गेलास. बाबा नातीला खांद्यावर घेऊन पारावर जातात, सगळ्या गावादेखत. तिथे त्यांना कोणी धोबी म्हणत नाही, त्यांची मान खाली जात नाही. म्हणजे गड्यानं लेकरू घेऊ नये असा कायदा आपल्याकडे कधी नव्हताच. होती ती घरातली मर्यादा: आपल्या बापासमोर आपलं लेकरू मांडीवर घ्यायचं नाही. जसं सासऱ्यासमोर बाजेवर बसायचं नाही, थोरल्या दीरासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, तसंच हे. पाच-सहा खटल्यांच्या घरात स्वतःच्या लेकराचे लाड करणं म्हणजे भावाच्या लेकराला कमी लेखणं, असाही त्याचा अर्थ व्हायचा. लेकरू काकाच्या कडेवर, आजाच्या खांद्यावर, आणि बाप लांबून पाहणारा. प्रेम आजा झाल्यावर करायचं, असा तो करार होता.

माझे बाबा त्याच घरातले. माय सांगायची, मी पाळण्यात असताना ते रात्री बैलाला चारा टाकायच्या निमित्तानं उठायचे अन् जाता जाता पाळण्याला एक झोका देऊन जायचे. एकच. दुसरा दिला तर पाळणा करकरायचा आणि आजोबा जागे व्हायचे. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीची होते, बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. तोवर मी त्यांना कोरडा माणूस समजत होते. (अजून त्या करकरणाऱ्या कडीचा राग येतो मला.)

म्हणून सांगते, बाबा तुझ्या मर्दपणावर बोट ठेवत नाहीत. त्यांच्यासमोर मर्यादा मोडली जाते आहे, ते टोचतं. आणि मला वाटतं, त्यांना थोडं दुसरंही काही टोचत असेल. जे त्यांना करू दिलं नाही ते तू त्यांच्या डोळ्यांसमोर करतोस. तेव्हा घरात तोंडाला तोंड देऊ नको. वावरात दुपारी भाकर सोडून बसाल, तेव्हा एकच विचार: "बाबा, तुम्ही मले पहिल्यांदा केव्हा घेतलं होतं?" मग गप्प बस. लगेच उत्तर नाही आलं तर नाही.

पानठेल्याचं प्रकरण वेगळं आहे, तिथे मर्यादा वगैरे काही नाही, नुसता वेळ जात नाही. भाषण देऊ नको. पानठेल्यावर भाषण देणारा नेहमी हरतो. 'आला धोबी' म्हटलं की हसून एवढंच म्हण, "तुझ्या डिग्रीवर कोणाचं नाव आहे, घरी जाऊन पाय." आपल्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं ते गाडगेबाबा परिटाच्याच घरचे, १८७६ साली शेंडगावात जन्मले, आणि हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत फिरले. दुसऱ्याची घाण काढणाऱ्याच्या नावाची डिग्री भिंतीवर टांगायची, अन् आपल्या पोरीचं दुपटं धुणाऱ्याला हसायचं, हे जमत असेल तर जमू दे त्यांना. पण बाळा, घरच्या बापपणासाठी गाडगेबाबांचा दाखला देऊ नको हो. १९०५ मध्ये ते घर सोडून निघाले, मागे बायको-लेकरं होती. तुझी बायको हुशार दिसते, लगेच धरेल.

तिच्याबद्दल मला फार लिहायचं नाही, कारण तिचं बरोबर आहे. तिनं तुझ्याकडून जास्त काम मागितलेलं नाही. तिला राग आला तो लपवण्याचा. सात महिन्यांच्या लेकराला बोलता येत नाही, पण पावलं वाजली की बापाचे हात सैल पडतात हे कळतं. पुढच्या वेळी कोणी आलं तर देऊ नको, बस. मान वर करून "या, बसा" म्हण अन् पोरगी मांडीवरच राहू दे. पहिल्या वेळी कान लाल होतील. चौथ्या वेळी पाहुणाच तिचे गाल ओढायला लागेल.

आणि दुपटी दिवसा वाळत घाल. हे मानापमानासाठी सांगत नाही. या पावसाळी दिवसांत रात्री टाकलेलं कापड सकाळपर्यंत ओलसर राहतं आणि लेकराच्या जांघेत पुरळ येतं. ऊन निघालं की अंगणात, तारेवर, सगळ्यांसमोर.

तू न विचारलेली एक गोष्ट. सध्या फवारणी सुरू असेल. २०१७ चा हंगाम तुला आठवत असेल, तेव्हा तू शिकत होतास. पऱ्हाटी माणसाएवढी वाढली होती, फवारा तोंडावर यायचा, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तरी अजून तोंडाला फडकं न बांधता फवारणारा, नोझल तोंडानं फुंकून साफ करणारा गडी दमदार समजला जातो. मला त्या दमाची भीती वाटते. तू फवारून आलास की सरळ मोरीत जा, साबण लावून आंघोळ कर, ते कपडे वेगळे ठेव, दुपट्यांसोबत कधीच भिजवू नको. मग पोरगी घे. ती तुझा शर्ट तोंडात घालते ना? घालतच असेल, त्या वयात सगळीच घालतात.

पोळा जवळ आला आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तुमच्या गावात भरत असेल तर यंदा बाजारातून एक लहानसा लाकडी बैल आण, चाकाचा. पोरीला कुंची घाल. आजा तिला घ्यायला हात पुढे करेल, तेव्हा बैलाची दोरी त्याच्या हातात दे, आणि पोरगी तुझ्याकडेच ठेव.

तुझी,
मावशी