डोळे मिटले की सासूबाईंचंच वाक्य ऐकू येतं

मावशी,
गेलं दीड वर्ष मी रोज पहाटे 20 मिनिटं मौनप्रार्थनेला बसते. एका प्रार्थना शिबिरात शिकवलं होतं, देवाच्या प्रीतीत नुसतं बसा, ती माणसाला आतून बदलते. माझ्यात काहीच बदललेलं नाही. डोळे मिटले की सासूबाई आदल्या दिवशी जे बोलल्या तेच ऐकू येतं. त्या तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचं सगळं मीच करते. प्रार्थना संपवून उठते आणि अर्ध्या तासात त्यांच्यावर खेकसते. पूर्वी मग दोन-दोन दिवस अबोला धरायचे, आता दहा मिनिटांत जाऊन त्यांची उशी नीट करून येते, पण त्याने काय होतं? खेकसायचं ते खेकसतेच. आमच्या गटातल्या एकीला प्रार्थनेत अश्रू येतात. मला झोप येते. हे ढोंग वाटायला लागलंय. सोडून देऊ का?
– कोरडी

प्रिय लेकी,

सोडू नकोस. तुझी सही मी मुद्दामच वापरत नाही. जी आतून कोरडी झालेली असते तिला ढोंगाची अशी भीती वाटत नाही.

तुझ्यासारखीच चूक करून बसलेली एक बाई सांगते. आविलाची संत तेरेजा, जन्म 1515. कॅथलिक चर्चने 1970 मध्ये जिला आचार्यपद दिलं ती पहिली स्त्री, आणि दिलं ते प्रार्थनेबद्दलच्या तिच्या शिकवणीसाठी. तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासात तिचा कान घड्याळाच्या टोल्याकडे असायचा, कधी एकदा तास संपतोय असं व्हायचं. एकदा तर तिने मौनप्रार्थना वर्षभराहून जास्त काळ सोडून दिली. माझ्यासारखीने देवाजवळ बसायचं कोणत्या तोंडाने, असं तिला वाटलं, आणि हीच नम्रता असं ती समजली. पुढे मात्र तिने ही आयुष्यातली फार मोठी फसगत मानली. ‘ढोंग वाटतं’ या तुझ्या शब्दांत मला तीच नम्रता दिसते, म्हणून काळजी वाटली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला वाटतं, तू पहाटे देवाला भेटायला बसत नाहीस, दुरुस्त व्हायला बसतेस. 20 मिनिटं भरली, आता राग कमी झाला पाहिजे, असा तो हिशेब आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, पंधराव्या अध्यायातला, बापाचा पैसा उधळून बसलेला धाकटा मुलगा आठव. घरी परतायला निघण्याआधी तो मनात बोलणं जुळवतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मग मुलगा बोलायला लागतो खरा, पण मजुरीचं ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना अंगरखा आणायला सांगतो. तू दीड वर्ष रोज पहाटे तेच वाक्य म्हणतेयस, आणि बाप ते ऐकूनच घेत नाहीये. प्रेषित योहानाने लिहिलंय, पहिल्याने त्याने आपणावर प्रीती केली. पहिल्याने, म्हणजे तुझा राग जायच्या आधी.

आता त्या दहा मिनिटांचं. पत्रात तू ते असं झटकून टाकलंस की माझ्याही नजरेतून सुटलं असतं. दोन दिवसांचा अबोला दहा मिनिटांवर आला! हे तू ठरवून केलंस का? नाही ना? तसं असतं तर पत्रात त्याचं श्रेय घेतलं असतंस. तुझ्या आत कुणीतरी काम करतंय आणि तुला पत्ता नाही. पौलाने गलतीकरांना लिहिताना प्रीती, सहनशीलता, सौम्यता यांना आत्म्याचं फळ म्हटलंय, आणि फळ धरताना झाडाला कुठे कळतं. तुझ्या गटातल्या त्या बाईचे अश्रू खरे असतील, ती कृपा तिची. पण ज्यांनी या वाटेवर आयुष्य काढलं, त्यांनी नुसत्या अश्रूंवरून प्रार्थना जोखली नाही. प्रार्थनेतून उठल्यावर माणूस माणसांशी कसं वागतो, हे त्यांनी पाहिलं. उशी नीट करायला जाणारे तुझे हात मला त्या अश्रूंपेक्षा कमी वाटत नाहीत.

सासूबाईंचं वाक्य ऐकू आलं की त्याच्याशी झुंजू नकोस. चौथ्या-पाचव्या शतकातल्या योहान कॅसियनने वाळवंटातल्या साधूंची एक रीत लिहून ठेवली आहे. ते बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिलीच ओळ दिवसभर घोळवायचे: देवा, मला सोडव, मला साहाय्य करायला त्वरा कर. तूही तेवढंच म्हण आणि पुन्हा गप्प बस. वीस मिनिटांत पन्नास वेळा परत यावं लागलं, तर पन्नास वेळा देवाकडे वळलीस. मला तरी प्रार्थना म्हणजे हे वळणंच वाटतं. आणि कधीतरी ते वाक्य जसंच्या तसं प्रभूला ऐकव, त्याने तुला किती लागलं तेही सांग. खेकसायचंच असेल तर पहाटे त्याच्यापुढे खेकस. स्तोत्रकर्त्यांनी काय कमी आरडाओरडा केलाय?

झोपेचं म्हणशील, तर बाळ येशूची संत तेरेजासुद्धा (ही आविलाची नव्हे, फ्रान्समधली दुसरी) प्रार्थनेत पेंगायची. आईबापांना लेकरू जागं असताना जितकं आवडतं तितकंच झोपल्यावरही, असं ती म्हणायची. पण तुझी झोप मला वेगळी वाटते. तीन वर्षं एकटीने आजारपण काढतेयस, तू दमलीयस, बाई. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि मग उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर. तेव्हा रात्र जागून काढली असेल तर पहाटे खुशाल झोप, दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की दहा मिनिटं बस. आणि ही मरगळ दिवसभर पुरत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. क्रूसाच्या संत योहानाने आत्म्याच्या काळोख्या रात्रीवर, म्हणजे देव दूर गेल्यासारखा वाटतो त्या काळावर, लिहिलं, पण शरीरमनाच्या आजाराने येणारी उदासी वेगळी ओळखायलाही त्यानेच सांगितलं.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. ‘सगळं मीच करते’ असं लिहिलंस. तुझे यजमान? त्यांची भावंडं? तू कुणाला कधी स्पष्ट शब्दांत मागितलंयस का? मला शंका आहे, नसशील. देवाकडून फुकटची प्रीती घ्यायला जिला अवघड जातं, तिला माणसांकडे मदत मागणंही जड जातं. या आठवड्यात एकाला तरी सांग, आठवड्यातले दोन दिवस ठरवून माग, आणि ते काय म्हणाले ते मला लिही.

तुझी,
मावशी