चवथीचं मखर, फर्मागुडीचं कॉलेज आणि बाकीचे प्रश्न

ह्या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेकांचा सूर एकच, बारावीनंतर (काहींचा दहावीनंतर) नेमकं काय घ्यायचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

मॅडम, मुलगी बारावी सायन्सला आहे, मार्क बरे आहेत. पण तिचं सगळं लक्ष ड्रॉइंगमध्ये. चवथीचं मखर गेली काही वर्षं तीच ठरवते, कागदावर काढते, मग भाऊ-बहिणींकडून करून घेते. आता म्हणते डिझाईन करणार. तिची आजी म्हणते इंजिनिअरिंग कर, चित्रं काय सुट्टीत पण काढता येतात. गोव्यात डिझाईनची डिग्री आहे का? आणि त्यात पोट भरतं का? – एक वडील, डिचोली

भाऊ, तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय, 'कागदावर काढते, मग करून घेते'. मला तेच महत्त्वाचं वाटलं. नुसतं सुंदर चित्र काढणारी मुलं खूप असतात, पण देवघराची जागा किती, मूर्ती किती उंच, बजेट किती, दीड दिवसांनी सोडवताना मखर मोडणार की पुढच्या वर्षी वापरणार, हा विचार करून मग पेन्सिल हातात घेणारी कमी. बीडेसला, म्हणजे डिझाईनच्या डिग्रीला, बऱ्यापैकी हेच शिकवतात. माणूस वस्तू कशी वापरतो ते बघायचं, पंधरा आयडिया काढायच्या, चौदा फेकायच्या, उरलेलीचं मॉडेल करायचं, ते लोकांच्या हातात देऊन परत मोडायचं.

आता परीक्षा. आयआयटी मुंबई यूसीड नावाची परीक्षा घेते, ती २०१५ पासून आहे. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींत आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटीत बीडेसला तिच्यावरून प्रवेश मिळतो. बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्स-कॉमर्सची पण, मॅथ्सची अट नाही. पहिला भाग कॉम्प्युटरवर असतो आणि दुसरा कागदावर, चित्र काढायचं. लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणून 'सहज देऊन बघू' म्हणून एक संधी घालवू नका. फॉर्म साधारण ऑक्टोबरात सुटतात, परीक्षा जानेवारीत, आणि जेईई मेनचं पहिलं सेशनही त्याच महिन्यात येतं, म्हणजे दोन्ही द्यायच्या असतील तर दिवाळीपासूनच वेळ वाटून घ्यायला लागेल. एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, तिची परीक्षा वेगळी. अहमदाबादचं एनआयडी १९६१ चं, आता आंध्र, हरियाणा, आसाम आणि मध्य प्रदेशातही आहे. गोव्यात नाही. फॅशन शिकवणाऱ्या निफ्टचंही गोव्यात कॅम्पस नाही.

मग गोव्यात काय? पणजीला आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट, १९७२ पासूनचं, सरकारी. तिथे बीएफए, म्हणजे फाईन आर्टची डिग्री होते, अप्लाईड आर्ट किंवा पेंटिंग. अप्लाईड आर्ट म्हणजे जाहिरात, पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, इलस्ट्रेशन, टायपोग्राफी. ही बीडेस नाही हे खरं, पण हात पक्का होतो, खर्च कमी आणि रात्री जेवायला पोरगी घरी. आणि लोक हे विसरतात की बीएफए करूनही सीड नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एमडेस (डिझाईनची मास्टर्स) करता येतं. बीई करून पण येतं. सीडला बारावीनंतरची निदान तीन वर्षांची पदवी लागते, कसली ते कोणी विचारत नाही. म्हणून आजीला सांगा, आत्ता यूसीड नाही लागली तर दार बंद होत नाही, चार वर्षांनी परत उघडतं.

पोट भरतं का? भरतं, पण पहिल्याच दिवशी पगाराचा आकडा सांगता येईल असं ते क्षेत्र नाही. अॅपच्या स्क्रीन आखणारे, पॅकेजिंगवाले, म्युझियमवाले, खेळणी करणारे, सगळीकडे माणसं लागतात आणि सगळीकडे पोर्टफोलिओ बघतात. सर्टिफिकेट मागाहून. खाजगी डिझाईन इन्स्टिट्यूट बघायला गेलात तर फर्निचर बघू नका, सरळ विचारा की डिग्री कुठल्या विद्यापीठाची मिळणार आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला मिळेल का. काम दाखवायला कां-कूं करत असतील तर घरी या. आणि कॉलेजच्या नावात 'डिझाईन' शब्द आहे म्हणून तिथे बीडेस असतं असंही नाही, कोर्सची यादी वाचा.

मी काणकोणचा, बारावी सायन्स. घरचे म्हणतात कॉम्प्युटरच घे. मित्र म्हणतात डेटा सायन्स घे, एआयचा जमाना आहे. मला मशीन आवडतात पण मेकॅनिकलला स्कोप नाही म्हणतात. आणि कॉलेज कुठलं, एनआयटी, जीईसी की मडगावच्या आसपासचं?

बाळा, तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस, मी उलटीकडून घेते.

कॉलेज. फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे तुझं जीईसी, १९६७ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं. त्याच डोंगरावर पुढे एनआयटी (२०१०) आणि आयआयटी (२०१६) पण उतरले, पाहुणे म्हणून. एनआयटी आता स्वतःच्या घरी गेलं, कुंकळ्ळीला, २०२४ च्या फेब्रुवारीत त्या कॅम्पसचं उद्घाटन झालं. आयआयटीच्या जागेवरून लोलये, गुळेली, सांगे असं किती राजकारण आणि आंदोलनं झाली ते तुला मी सांगायला नको, लोलये तर तुझ्याच तालुक्यात. आयआयटीला जेईई अॅडव्हान्स्ड लागते आणि गोंयकार म्हणून वेगळ्या जागा नाहीत. एनआयटीला जेईई मेन, वर बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असण्याची अट, पण तिथे होम स्टेटचा कोटा (आपल्याच राज्यातल्या मुलांसाठी राखीव जागा) आहे आणि तो तुझा हक्क आहे. गोव्यातली बरीच मुलं जेईईचं नाव ऐकूनच मागे सरतात आणि तिथेच घोडं अडतं. बिट्सचं झुआरीनगरचं कॅम्पस उत्तम, पण त्यांची बिटसॅट परीक्षा वेगळी द्यायची, राज्याचा कोटा नाही आणि फी ऐकून घरच्यांना आधी बसायला खुर्ची द्यायची.

ह्यातलं काही नाही झालं तर जीईसी, फातोर्ड्याचं डॉन बॉस्को, वेर्ण्याचं पाद्रे कोन्सेसांव, शिरोड्याचं रायेश्वर. डिग्री गोवा विद्यापीठाचीच. काणकोणहून फर्मागुडी रोज जाऊन येऊन करायचा विचार असेल तर सोड, मडगाव, मग फोंडा, मग चढण, संध्याकाळी घरी आल्यावर पुस्तक उघडायचं त्राण राहत नाही. हॉस्टेल मिळत असेल तरच. फातोर्डा त्या मानाने सोपं, कदंबा स्टँडजवळच.

आता ब्रँच. कॉम्प्युटर आणि आयटी ह्यांचा अर्ध्याहून जास्त सिलॅबस सारखा असतो, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम दोन्हीकडे. डेटा सायन्स किंवा एआय नावाच्या ब्रँचमध्ये मात्र प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि मॅट्रिक्सचं गणित पोटभर असतं, आणि नाव बघून गेलेली पोरं तिथेच गळपटतात. गणिताशी तुझं जमत असेल तर जरूर जा. नसेल तर साध्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन शेवटच्या दोन वर्षांत इलेक्टिव्ह म्हणून तेच विषय घेता येतात.

पण तुला मशीन आवडतात हे तू स्वतःच लिहिलंयस ना. मग स्कोपची ही भानगड जरा तपासून बघ. गोव्यात राहून नोकरी करायची असेल तर वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत, फार्मा कंपन्यांत, वास्कोला गोवा शिपयार्डात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना जागा आहे. सॉफ्टवेअरवाली आमची पोरं बहुतेक पुण्या-बंगळुरूला जातात आणि चवथीला येतात. आणि स्कोप बघून ब्रँच निवडण्याबद्दल म्हणशील तर मायनिंगचं बघ. एके काळी गोव्यात खाण म्हणजे सोन्याची खाण, ट्रक घेणारे, बार्ज घेणारे, सगळे तिकडे. २०१२ ला बंदी आली, थोडं सुरू झालं, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. त्या हिशोबाने करिअर ठरवलेल्यांना डिग्री हातात येईपर्यंत बाजारच गायब. आज ज्याचा गाजावाजा आहे ते चार वर्षांनी कुठे असेल हे मी सांगू शकत नाही, तुझे मित्र तर नाहीच नाही. आवडीचं घे आणि त्यात प्रोग्रामिंग नीट शिक, आजकाल मेकॅनिकलला पण त्याच्यावाचून चालत नाही.

बीसीए म्हणजे बीईचा गरीब भाऊ का? सगळे तसंच बोलतात. – म्हापसा

बोलू देत. बीसीए तीन वर्षांत होतं (नवीन धोरणात चौथं वर्ष ऑनर्ससाठी), कोडिंग लवकर सुरू होतं, फिजिक्स-केमिस्ट्री नाही. पुढे एमसीए, ते २०२० पासून दोनच वर्षांचं झालंय. एनआयटीत एमसीए करायचं तर निमसेट द्यावी लागते आणि तिथे गणित हवं, म्हणून अकरावीत मॅथ्स सोडताना दहादा विचार कर. सोडलं की बीई, बीआर्क, चांगलं एमसीए, सगळीकडे अडतं. बीसीए आता एआयसीटीईच्या (तांत्रिक कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था) कक्षेत आलंय, तर कॉलेजची मान्यता तपासून घे.

मॅडम, माझो पूत आता दहावीत आहे, अभ्यासात मध्यम, पण घरातला मिक्सर, पंखा, पंप सगळं तोच उघडतो. अकरावीला घालू की पॉलिटेक्निकला? लोक म्हणतात डिप्लोमा म्हणजे कमी. – एक आई, केपे

बाई, लोकांचं ऐकू नका, पोराचे हात बघा! तुम्हाला काकोड्याचं सरकारी पॉलिटेक्निक जवळ आहे. नाहीतर पणजी, मये. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग लॅटरल एन्ट्रीने बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथे तीन वर्षं. तीन आणि तीन सहा. अकरावी-बारावी दोन आणि बीई चार, ते पण सहाच. वर्ष काही फुकट जात नाही, उलट वाटेत हातात एक सर्टिफिकेट येतं ज्यावर नोकरी पण लागते. बारावीला तर सगळं एका परीक्षेवर येतं. वास्कोला बोगदा भागात जहाजबांधणीची संस्था आहे, तिथे शिपबिल्डिंगचा डिप्लोमा होतो, फारशा लोकांना ठाऊकच नसतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. डिप्लोमावाली मुलं बीईच्या दुसऱ्या वर्षाला येतात तेव्हा वर्कशॉपमध्ये राजा असतात आणि गणिताच्या तासाला घाम फुटतो, लाप्लास, फुरिये असलं काही समोर येतं आणि पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलंच नसतं. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत कोणाकडे तरी बसून इंटिग्रेशन पक्कं करून घ्यायचं, त्याला आत्ता सांगू नका, घाबरेल.

मी बीए मराठी केलंय, पेडण्याच्या बाजूला राहते, गावच्या वाचनालयात तात्पुरतं काम करते. मला कॉम्प्युटरचं आकर्षण आहे पण आता कोडिंगला उशीर झाला. माहिती क्षेत्रात माझ्यासारखीला काही आहे का?

आहे ग, आणि ह्या अंकातलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र तुझंच. लायब्ररी अँड इन्फर्मेशन सायन्स. पदवीनंतर एक वर्षाचं बीएलआयएस्सी, मग एक वर्षाचं एमएलआयएस्सी. इग्नूतून पण होतं, म्हणजे काम सांभाळून. कॉलेजात लायब्ररियन व्हायचं तर मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट परीक्षा लागते. बंगळुरूला डीआरटीसी ही लायब्ररी सायन्सची संस्था आहे, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९६२ ला सुरू केलेली, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा भाग. तिथला दोन वर्षांचा एमएस कोर्स प्रवेश परीक्षेने आहे आणि फी नावापुरती, वर स्टायपेंड. कॉम्प्युटर तिथे भरपूर, पण 'माहिती कशी लावायची म्हणजे सापडेल' ह्या बाजूने. कोहा आणि डीस्पेस ही लायब्ररीची दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर आत्ताच चालवून बघ, इंटरव्ह्यूला 'हे मी स्वतः लावलं' म्हणता येईल. तुमच्या वाचनालयातली शंभर पुस्तकं त्यात चढवून सुरुवात कर.

आणि तू गोव्यात आहेस हे विसरू नको. पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ ची. पुराभिलेखागाराची सुरुवात तर १५९५ ची, दियोगु दु कोतु पहिला रखवालदार. तिथे पोर्तुगीज कागद आहेत तसे मराठी, मोडीतलेही आहेत. ते स्कॅन करणारे मिळतात, पण स्कॅनखाली काय लिहिलंय ते वाचून त्याचा मेटाडेटा (कागद कोणाचा, कधीचा, कशाबद्दल ही नोंद) भरणारं माणूस दिवा घेऊन शोधावं लागतं. मराठी तुझं आहेच. मोडी शीक, सहा महिने मन लावून केलंस तर वाचायला येते, आणि जमलं तर थोडं पोर्तुगीज. लायब्ररी सायन्सच्या डिग्रीवर मोडी असलेली मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

फीसाठी कर्ज काढायला भीती वाटते. – वाळपई

बँकेत जायच्या आधी पर्वरीला गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये जा. बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना तिथे आहे, मुद्दलच फेडायचं. अटी आणि मुदत त्या वर्षीची विचारून घ्या. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला ह्यासाठी मामलेदार कचेरीत रिझल्ट लागायच्या आधीच अर्ज टाका, रिझल्टनंतर तिथे अख्खी सत्तरी रांगेत असते.