दाखल नोंदवहीतून संगणकात: ग्रंथपालांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

ग्रंथालयातल्या ऑनलाइन साधनांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण यादीत राहिलेली चूक पुढे प्रत्येक साधनात उतरते आणि तेव्हा ती काढणे फार महाग पडते.

प्रश्न: आमच्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती कोहा या ग्रंथालय-प्रणालीत चढवायची आहे. आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या प्रमाण क्रमांकाच्या) रकान्यात ९.७८ई+१२ असे काहीतरी दिसते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) केली की मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सगळे काम दुसऱ्या प्रतीवर करा.

एक्सेल आयएसबीएनला संख्या समजते, म्हणून तो आखडून दाखवते. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतची संख्या अचूक साठवते, त्यामुळे एक्सेलच्याच फाइलमध्ये तेरा आकडे अजून शाबूत असतात. रकान्याचा प्रकार 'नंबर' करून दशांश शून्य ठेवा, ते परत दिसतील. मात्र आखडलेल्या रूपातच सीएसव्ही जतन झाली असेल, तर त्या सीएसव्हीतले शेवटचे आकडे गेले. तिथे मूळ फाइल किंवा प्रत्यक्ष पुस्तक हाच आधार. दहा अंकी जुन्या आयएसबीएनचे आणि ००४५१ अशा दाखलअंकांचे (पुस्तक दाखल करताना दिलेल्या अनुक्रमांकांचे) सुरुवातीचे शून्यही असेच गळते. यावर उपाय म्हणजे टंकन करण्याआधीच रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करणे. नंतर प्रकार बदलला तरी गळलेले शून्य परत येत नाही. ते 'टेक्स्ट' सूत्राने दहा अंकांपर्यंत भरून घ्यावे लागते.

प्रश्नचिन्हांचे कारण जतन करण्याच्या प्रकारात आहे. यादीत साधी सीएसव्ही आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' असे दोन पर्याय असतात. देवनागरीसाठी दुसराच घ्यायचा. प्रश्नचिन्हे एकदा जतन झाली की त्यांतून अक्षरे परत मिळत नाहीत. आणि ही फाइल पुन्हा पाहायची असेल तर डबल क्लिक करून उघडू नका. 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ हा यूटीएफ-८चा क्रमांक निवडा आणि डेटा टाइप ओळखू नये असे सांगा. नाहीतर आयएसबीएन पुन्हा आखडतो आणि '३-४' असा भाग क्रमांक तारीख होऊन बसतो.

यादी फार जुनी असेल तर एक शीर्षक नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिड मजकूर दिसला, तर ती जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. ती त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावीच लागेल. परिवर्तनानंतर पहिली वेलांटी, रफार आणि 'क्ष', 'ज्ञ' ही अक्षरे डोळ्यांखालून घाला. चुका बहुतेक तिथेच होतात.

यानंतर ओपनरिफाइन. याद्या साफ करण्याचे हे विनामूल्य साधन ब्राउझरमध्ये दिसते, पण चालते तुमच्याच संगणकावर, त्यामुळे यादी बाहेर जात नाही. लेखकाच्या रकान्यावर 'टेक्स्ट फॅसेट' (रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी) लावा. एकाच लेखकाची 'आडनाव, आद्याक्षरे', 'आद्याक्षरे आडनाव' आणि पूर्ण नाव अशी तीन-तीन रूपे समोर येतील. आधी मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा छाटा, मग सारखी वाटणारी रूपे एका गटात सुचवणाऱ्या 'क्लस्टर'कडे वळा. क्लस्टर सुचवतो ते सरसकट स्वीकारू नका. मराठीत एका मात्रेने माणूस बदलतो, तेव्हा प्रत्येक गट वाचूनच एकत्र करा.

आता मार्क २१, म्हणजे ग्रंथनोंदींचे प्रमाण स्वरूप; त्यात प्रत्येक माहितीला तीन आकडी क्षेत्र असते. मार्कएडिट या साधनातल्या 'डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटर'ला कोणता रकाना कुठे जाईल ते सांगायचे: आयएसबीएन ०२०, वर्गांक ०८२, लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशन २६४, पृष्ठसंख्या ३००, विषय ६५०. प्रतीची माहिती कोहात ९५२ या क्षेत्राच्या उपक्षेत्रांत जाते: ए मध्ये मालक शाखा, बी मध्ये सध्याची शाखा, ओ मध्ये बोधांक (कपाटातली जागा दाखवणारा क्रमांक), पी मध्ये बारकोड, वाय मध्ये प्रतीचा प्रकार. शाखेचे नाव लिहून चालत नाही, कोहात नोंदवलेला शाखेचा कोडच लागतो, तोही अक्षरशः तोच. कोड जुळला नाही तर प्रत चढत नाही. प्रकार राहिला तर प्रत चढलेली दिसते, पण देवघेवीच्या वेळी अडते. आणखी एक जागा नेहमी विसरली जाते: ००८ या क्षेत्रातली ३५ ते ३७ ही स्थाने भाषेची आहेत. मराठीसाठी तिथे एम-ए-आर हवे. साच्यातले इंग्रजीचे मूल्य तसेच राहिले तर भाषेने गाळणी लावणाऱ्या वाचकाला तुमचे एकही मराठी पुस्तक सापडणार नाही.

एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर नोंद एक आणि प्रती पाच, असे व्हायला हवे. सरळ यादी चढवली की पाच नोंदी होतात. कोहा चढवताना आयएसबीएनवरून जुळणी करते खरी, पण ती आधीच तालिकेत (ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत) असलेल्या नोंदींशी. त्याच फाइलमधल्या दोन ओळी ती एकमेकींशी जुळवत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत एका फाइलमध्ये, उरलेल्या प्रती दुसऱ्या फाइलमध्ये. पहिली चढवा, अनुक्रमणी (शोधासाठीची अंतर्गत सूची) अद्ययावत होईपर्यंत थांबा, मग दुसरी घ्या. तिला 'जुळणारी नोंद सापडल्यास येणारी नोंद सोडून द्या, प्रती मात्र नेहमी जोडा' असा आदेश द्या. आयएसबीएन नसलेल्या जुन्या पुस्तकांच्या जादा प्रती हातानेच जोडाव्या लागतात. ते काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका.

पहिली फेरी वीसच नोंदींची करा, आणि त्या मुद्दाम अवघड निवडा: दोन लेखकांचे पुस्तक, अनेक खंडांचा संच, अनुवाद, आयएसबीएन नसलेले. आयात केलेला गठ्ठा 'मॅनेज स्टेज्ड' या पानावरून मागे घेता येतो. ही सोय देवघेव सुरू होण्याआधी वापरायची. प्रती वाचकांकडे गेल्यावर ती कामाची राहत नाही.

प्रश्न: पुस्तक समोर कपाटात आहे, तरी ऑनलाइन तालिकेत शोधल्यावर मिळत नाही. शुद्धलेखन तपासले, बरोबर आहे.

उत्तर: डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द संगणकात वेगळे असू शकतात. मराठीत याच्या चार नेहमीच्या जागा आहेत. पहिली 'ॲ'ची. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या नोंदींत ते 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी टंकलेले आहे. ही दोन रूपे युनिकोडच्या नियमांनी आपोआप एक होत नाहीत.

दुसरी 'दुसऱ्या', 'किनाऱ्या' यांतल्या ऱ्याची. तो 'ऱ' या अक्षराने होतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि २००डी क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह यांनीही होतो. इथे सावध राहा. सगळी अदृश्य चिन्हे एकदम पुसून टाकली तर 'ऱ्या'चा रफार होतो आणि शब्दच बिघडतो. आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला, मग उरलेली जोडचिन्हे काढा. ओपनरिफाइनमध्ये या क्रमाने दोन आज्ञा दिल्या की काम होते.

तिसरी विसर्गाची. 'दुःख', 'अंतःकरण' यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलेला असतो. शोधयंत्र तिथे शब्द तोडते, आणि कोहात अपूर्णविरामाला शोधाच्या भाषेत वेगळाच अर्थ आहे. चौथी आकड्यांची: '२००५' आणि '2005' हे शोधयंत्राला दोन वेगळे शब्द आहेत. नोंदींच्या वर्णनात कोणते वापरायचे ते एकदाच ठरवा. ००८ मधले वर्ष मात्र नेहमी इंग्रजी (0-9) आकड्यांतच असते.

बाहेरच्या ग्रंथालयांतून झेड३९.५० (ग्रंथालयांमध्ये नोंदी शोधून आणण्याची प्रमाण पद्धत) ने आणलेल्या नोंदींत मराठी शीर्षक अनेकदा रोमन लिपीत, टिंबे-रेघांसह असते. ते पुसू नका. मार्कमध्ये ८८० हे क्षेत्र दुसऱ्या लिपीसाठीच आहे, तिथे देवनागरी शीर्षक जोडा. दोन्ही लिप्यांत शोधणाऱ्यांची सोय होते.

प्रश्न: बारकोड स्कॅनर कधी बरोबर चालतो, कधी भलतीच अक्षरे उमटवतो. यंत्र बिघडले का?

उत्तर: बहुधा नाही. यूएसबी स्कॅनर संगणकाला कळफलक म्हणूनच भासतो, म्हणजे तो कळांचे क्रमांक पाठवतो. तुम्ही शीर्षक टंकण्यासाठी मराठी कळफलक निवडलेला असेल तर त्याच कळांची मराठी चिन्हे उमटतात. स्कॅन करण्यापूर्वी भाषा इंग्रजी करा. बऱ्याच स्कॅनरांत प्रत्येक वाचनानंतर 'एंटर' जाते. देवघेवीला ते सोयीचे, पण नवी प्रत नोंदवताना अर्धा भरलेला अर्ज जतन होतो. सोबतच्या पुस्तिकेतला ठरावीक बारकोड वाचवून ती सवय बंद करता येते. आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा बारकोड आयएसबीएनचा असतो. तो प्रतीचा बारकोड म्हणून वापरला की दुसऱ्या प्रतीला अडचण येणारच.

प्रश्न: वयाची पन्नाशी उलटली आहे. काउंटर सांभाळून हे सगळे शिकायचे कसे? काही चुकून पुसले जाईल अशी धास्ती वाटते.

उत्तर: तुमची धास्ती रास्त आहे, आणि तिच्यावर व्यवस्थेतच उपाय आहे. तुमच्या खात्याला तुमच्या कामापुरतेच अधिकार मागून घ्या. नोंदी पुसण्याचा आणि सर्वाधिकार असलेला प्रवेश रोजच्या कामासाठी कुणालाच देऊ नये, ग्रंथालयप्रमुखांनाही. मग चुकीच्या क्लिकने मोठे नुकसान होऊ शकत नाही.

सराव सरावाच्या प्रतीवर करा. कोहाची प्रात्यक्षिक संकेतस्थळे खुली असतात आणि तिथे काहीही बिघडवता येते. क्रम असा ठेवा: आधी शोध, मग देणे-घेणे, मग सभासदाची दुरुस्ती, मग एक नवी नोंद, गठ्ठ्याने आयात सर्वांत शेवटी. अनेक प्रशिक्षणांत आयात पहिल्याच दिवशी दाखवतात, आणि तिथेच लोक खचतात. प्रत्येक कामाचे टप्पे स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहा आणि ते पान सहकाऱ्याला देऊन, स्वतः न बोलता, त्याच्याकडून काम करवून घ्या. तो जिथे अडेल तिथे टप्पा सुटलेला आहे.

इंटरनेट बंद पडेल त्या दिवसासाठी काउंटरवर छापील तक्ता असू द्या: वेळ, सभासद क्रमांक, बारकोड, दिले की घेतले. नंतर नोंदी वेळेच्या क्रमानेच भरा. आधी सगळी दिलेली, मग सगळी आलेली अशा भरल्या, तर त्याच दिवशी परत येऊन दुसऱ्याकडे गेलेले पुस्तक तालिकेत कपाटात असल्याचे दिसेल.

प्रश्न: ग्रंथालयाच्या जीमेल खात्याचा पडताळणी कोड निवृत्त झालेल्या सहकाऱ्याच्या फोनवर जातो. प्रत्येक वेळी फोन करावा लागतो.

उत्तर: त्या सहकाऱ्यांच्या मदतीने आजच आत शिरा आणि हे काम संपवा, त्यांचा क्रमांक बदलला की दार बंद. सुरक्षेच्या पानावर ग्रंथालयाचा स्वतःचा फोन क्रमांक घाला, ऑथेंटिकेटर (पडताळणी कोड फोनवरच तयार करणारे ॲप) जोडा, आणि मग जुना क्रमांक काढा. 'बॅकअप कोड' मागवा: दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. तसेच गूगल फॉर्म आणि शीट कुणाच्या खासगी खात्याच्या मालकीचे आहेत का ते पाहा आणि मालकी ग्रंथालयाच्या खात्याकडे घ्या. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक स्वरूपाची खाती गूगल काढून टाकू शकते, त्यामुळे वर्षातून एकदा लागणारे खातेही अधूनमधून उघडत जा.

प्रश्न: वाचक चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी घेऊन येतात. त्यातले काही लेख कुठेच सापडत नाहीत.

उत्तर: कारण ते कधी लिहिलेच गेले नसतील. ही साधने खऱ्या लेखकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि पटण्याजोगे शीर्षक जुळवून नसलेला लेख तयार करतात. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. पान उघडले एवढ्यावर थांबू नका. अनेकदा तो दुसऱ्याच लेखाचा निघतो, म्हणून शीर्षक आणि लेखक ताडून पाहा. डीओआय नसेल तर नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका उघडा आणि त्या पानांवर काय आहे ते बघा.

पुस्तकासाठी आयएसबीएनचा हिशोब कागदावरही होतो. तेरा आकड्यांना डावीकडून १, ३, १, ३ असे गुणा आणि बेरीज करा; ती १० ने भागली गेली पाहिजे. उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ ची बेरीज १०० येते. बेरीज जुळली नाही तर क्रमांक खोटा किंवा चुकीचा उतरवलेला. जुळली तरी पुस्तक आहेच असे ठरत नाही, तालिकेत शोधावेच लागते. 'हा संदर्भ खरा आहे का?' असे त्याच चॅटबॉटला विचारू नका. तो होकार देतो आणि वाचकाची दिशाभूल दुप्पट होते. संदर्भ खोटा ठरला तरी वाचकाची गरज खरी असते. विषय विचारून घ्या आणि त्यावरचे अस्तित्वात असलेले साहित्य काढून द्या.

प्रश्न: कपाटांवर क्यूआर कोड लावायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर: थेट तुमच्या तालिकेच्या पत्त्याचा, स्थिर प्रकारचा कोड करा. मध्यस्थ सेवेतून फिरणारा कोड त्या सेवेची वर्गणी संपली की मरतो आणि सगळी लेबले बदलावी लागतात. चारही बाजूंना कोडाच्या चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडा. वाचक जितक्या अंतरावरून फोन धरेल त्याच्या एकदशांश रुंदी ठेवा, म्हणजे ५० सेंटीमीटरसाठी ५ सेंटीमीटर. हात लागून झिजणाऱ्या जागी दुरुस्तीची 'एच' पातळी घ्या; तिच्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडून कोड वाचता येत नाही, मॅट वापरा.